शेवटचा काळ आणि महिनाअखेर: घरात बायबल कसं वाचावं

ज्या घरात एक जण रात्री उशिरापर्यंत 'शेवटच्या काळा'चे, म्हणजे जगाचा अंत जवळ आला असं सांगणारे व्हिडिओ बघतो आणि बाकीचे त्याच्यावर वैतागलेले असतात, त्या घरासाठी हे लिहिते आहे. तो एक जण कधी निवृत्त सासरे असतात, कधी नुकताच तारण पावलेला मुलगा, आणि पुष्कळदा घरची बाईच असते, कारण प्रार्थनासभांना सगळ्यात जास्त तीच जाते. मी नगरची. कागदावर आता अहिल्यानगर झालं, पण तोंडात नगरच येतं. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून निवृत्त झाले, रविवारी शब्बाथ शाळा घेते, आणि उपासना संपली की महिला मंडळातल्या बायका आपलं गाऱ्हाणं घेऊन माझ्या बाकाशी थांबतात. कोविडपासून या गाऱ्हाण्यांत सासू आणि दारू यांच्या जोडीला प्रकटीकरण, बायबलचं शेवटचं पुस्तक, आलं आहे.

प्रभू परत येणार हे मीही मानते. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येईल, हे दर रविवारी सगळ्यांबरोबर उभी राहून म्हणते. त्यामुळे 'असलं काही नसतं हो' म्हणून विषय उडवून लावणं मला जमत नाही. तुम्हीही तसं करू नका. ज्याच्या मनात भीती बसली आहे त्याला तुमचं ते वाक्य म्हणजे तुमच्या अविश्वासाचा पुरावा वाटतो, आणि मग तो तुमच्यासाठीच उपास धरायला लागतो. बायबल बाजूला ठेवून हा वाद मिटत नाही. आणखी वाचून मात्र मिटतो.

अध्याय अर्ध्यावर सोडू नका

व्हिडिओत सगळ्यात जास्त येतो तो मत्तय २४. लढाया, लढायांच्या आवया, दुष्काळ, भूमिकंप. बोलणारा सहाव्या वचनाशी येतो आणि पुढचे अर्धे शब्द गिळतो. त्याच वचनात येशू म्हणतो की घाबरू नका, एवढ्यात शेवट होत नाही. मग ३६व्या वचनात त्या दिवसाविषयी आणि घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांनाही नाही. हे वचन बहुतेकांना पाठ असतं आणि तरीही हिशेब चालू राहतात.

पण तुम्ही ४५व्या वचनापर्यंत जा. तिथे एक चाकर आहे. धन्याने त्याला आपल्या घरच्या मंडळींवर नेमलं आहे. कशासाठी? त्यांना वेळेवर जेवण देण्यासाठी. धनी येईल तेव्हा तो हेच करताना सापडला तर तो धन्य. दुसरा चाकर मनात म्हणतो, धन्याला यायला उशीर आहे, आणि सोबतच्या चाकरांना मारायला लागतो, दारुड्यांबरोबर खातो-पितो. जगाच्या अंताबद्दलचं एवढं मोठं भाषण आणि ते येऊन थांबतं स्वयंपाकघरात: जेवण वेळेवर दिलंस का, घरात कोणाला मारलंस का. पुढचा २५वा अध्याय त्याच भाषणाचा भाग आहे. त्यात दिव्यांतलं तेल आहे, धन्याने सोपवलेले पैसे आहेत, आणि शेवटी भुकेला, परका, आजारी, तुरुंगातला माणूस आहे.

हीच माझी वाचनाची पद्धत, दुसरी काही युक्ती नाही. शेवटच्या काळाचं कुठलंही वचन उघडलं की घरातलं एखादं काम हाती लागेपर्यंत पुढे वाचत राहायचं. पहिलं पेत्र ४:७ म्हणतं, सर्वांचा शेवट जवळ आला आहे. लगेच आठव्या वचनात एकमेकांवर प्रीती, आणि नवव्यात कुरकुर न करता पाहुणचार. (पेत्राला नातेवाइकांचा अनुभव असणार. त्याची सासू तापाने पडलेली होती, हे मार्कानेच लिहून ठेवलं आहे.) दुसरं पेत्र ३ मध्ये आकाश जळून विलयाला जातं, आणि त्याच दमात पुढचा प्रश्न की मग तुम्ही कसं वागायला हवं? प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, येशू वर घेतला गेल्यावर, शिष्य आभाळाकडे बघत उभे असतात, तर दोन पुरुष येऊन विचारतात, वर काय बघत राहिलात? मग ते यरुशलेमेत परततात, माडीवर जातात, तिथल्या स्त्रियांबरोबर आणि येशूच्या आईबरोबर प्रार्थनेला बसतात.

जुन्या कराराचं शेवटचं पान, मलाखी ४, हेही असंच. परमेश्वराचा मोठा आणि भयंकर दिवस येण्यापूर्वी एलीया येईल. येऊन करील काय? बापांची मनं मुलांकडे वळवील आणि मुलांची बापांकडे. ज्या घरात बाप रात्री दोन वाजता हेडफोन लावून बसलेला आहे त्या घरी हे वचन मी सगळ्यात आधी वाचायला सांगते.

बैठक कशी असावी

रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं. जेवणाआधी ठेवली तर मुलांचं लक्ष पातेल्याकडे असतं. फोन दुसऱ्या खोलीत. मोबाइलवरचं बायबल वाईट नाही, पण त्यात एकच वचन डोळ्यासमोर येतं. छापील पुस्तकात मागचा-पुढचा मजकूर आपोआप दिसतो, आणि या विषयात तेच औषध आहे.

सुरुवात प्रकटीकरणाने करू नका. प्रेषित पौलाची थेस्सलनीकाकरांस लिहिलेली दोन पत्रं घ्या. पहिल्यात ८९ वचनं, दुसऱ्यात ४७. दोन्ही मिळून अर्ध्या तासात मोठ्याने वाचून होतात. नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांत ही मोडतात, आणि ज्या मंडळीला लिहिली ती नेमकी याच तापाने फणफणली होती. काहींनी काम सोडलं होतं. दिवस येऊन ठेपला आहे अशी पौलाच्या नावाची पत्रं फिरत होती की काय, अशी शंका दुसऱ्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात आहे. म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही होते. पौल सांगतो, मन लगेच चळू देऊ नका. तिसऱ्या अध्यायात मग तो खडसावतो: ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खा.

वाचन सगळ्यात लहान माणसाकडे द्या. अडखळला तरी चालेल, उलट बरंच, कारण अडखळत वाचलेल्या वचनाला धमकीचा सूर लागत नाही. त्या व्हिडिओंतलं मागचं संगीत काढून टाका आणि तेच वचन नऊ वर्षांच्या पोरीला वाचू द्या, अर्धी भीती तिथेच उतरते. वाचून झाल्यावर प्रत्येकाने एकच गोष्ट सांगायची: यातलं उद्या मला काय करायचं आहे. 'पश्चात्ताप' हे उत्तर आमच्या घरी चालत नाही, ते फार सोपं आहे. दिराला फोन करायचा आहे, दूधवाल्याची बाकी द्यायची आहे, आजीची पायाची पट्टी बदलायची आहे, असं काहीतरी. प्रार्थना छोटी. ज्याच्याशी वाद चालू आहे त्याला प्रार्थनेतून टोमणा मारायचा नाही. 'प्रभू, काहींचे डोळे उघड' हे वाक्य सगळ्यांना कळतं.

थेस्सलनीका झाल्यावर यिर्मया २७ ते २९, मग लूक १२, मग पहिलं पेत्र. प्रकटीकरण घ्याल तेव्हा आधी पहिले तीन अध्याय घ्या. इफिस, स्मुर्णा, पर्गम, थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, लावदिकीया ही आजच्या तुर्कस्तानातली खरी शहरं, तिथल्या मंडळ्यांना लिहिलेली ही पत्रं. नकाशा काढून मुलांना बोट ठेवायला लावा. योहान पात्म बेटावर होता तेही दाखवा. नंतर ४ आणि ५, आणि मग थेट २१ आणि २२, जिथे देव डोळ्यांतलं पाणी पुसतो. मधल्या अध्यायांतले संकटांचे घोडे, कर्णे आणि वाट्या शेवटी. शेवट ठाऊक असला की मधली पानं वाचणं जमतं. आणि मधलं सगळं मुलांना समजलंच पाहिजे असं नाही. या पुस्तकात जुन्या कराराचे पडसाद पानोपानी आहेत. दानीएल, यहेज्केल, जखऱ्या न वाचता त्यातल्या चित्रांवर आजच्या बातम्या चिकटवणं म्हणजे शब्दकोडं आडव्या ओळी न वाचता भरणं.

पैसा

खरा गोंधळ इथे होतो. 'प्रभू येणारच आहे, मग पीएफ कशाला?' हे वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे. कोणी विम्याची पॉलिसी मोडतो, कोणी मुलीला बारावीनंतर पुढे शिकवायचं थांबवतो, कोणी सोनं गहाण टाकून कुठल्याशा सेवेला 'शेवटचं बीज' म्हणून देतो. बीज पेरायला सांगणारा माणूस मात्र स्वतःच्या इमारतीचा पाया भरत असतो. दक्षिण कोरियात दामी मिशन नावाच्या गटाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख दिली होती. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरं विकली. पुढाऱ्याकडे सापडले ते त्या तारखेनंतर मुदत संपणारे रोखे. तो फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात गेला.

तर नियम असा ठेवा: शेवटच्या काळाच्या भीतीतून पैशाचा कुठलाही निर्णय नवरा-बायको दोघांच्या सहीशिवाय घ्यायचा नाही आणि महिनाअखेर उलटेपर्यंत थांबायचं. देव इतका घाईत नसतो की एक तारखेपर्यंत थांबणार नाही. बँकेच्या पासबुकाशेजारी तीन वचनं ठेवा. पहिलं तीमथ्य ५:८, जो स्वतःच्या, विशेषतः घरच्या माणसांची तरतूद करत नाही तो विश्वास नाकारून बसला आहे आणि अविश्वासणाऱ्यापेक्षा वाईट आहे. नीतिसूत्रे १३:२२, चांगला माणूस नातवंडांसाठी ठेवून जातो. आणि मार्क ७, 'कुर्बान'वाला उतारा. आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशू काय म्हणाला, ते तिथे स्पष्ट आहे. अर्धांगवायू झालेल्या सासूबाईंना शेजारणीच्या भरवशावर टाकून तीन दिवसांच्या कन्व्हेन्शनला जाणाऱ्या बाईला मी हा उतारा वाचून दाखवते. ती माझ्यावर रागावते. रागावू दे.

संकटाचं भाकीत खरं निघालं तरी काय करायचं, याचंही उदाहरण आहे. प्रेषितांची कृत्ये ११ मध्ये अगब नावाचा संदेष्टा मोठा दुष्काळ पडणार म्हणून सांगतो. रोमी सम्राट क्लौद्याच्या काळात तो पडतोही. अंत्युखियातल्या शिष्यांनी धान्याची पोती भरून ठेवली का? नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे वर्गणी काढून त्यांनी यहूदियातल्या भावांना पाठवली.

आपल्याकडे लांब जायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दुष्काळ आणि प्लेग दोन्ही एकदम आले. मत्तय २४ची यादी करायला बसलं असतं तर सगळ्या खुणा समोर होत्या. पंडिता रमाबाई तेव्हा दुष्काळी मुलुखात गेल्या, उपाशी मुली घेऊन केडगावला आल्या. त्यांच्यासाठी शेती केली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला. १९०५ साली त्यांच्या तिथल्या मुक्ती मिशनमध्ये संजीवन, म्हणजे मोठी धार्मिक जागृती, झालं, मुली रात्र-रात्र प्रार्थनेत असत, आणि तरीही सकाळची कामं होती. बाई स्वतः मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर करत बसल्या आणि ते संपवून १९२२ साली गेल्या. प्रभू उद्या येईल म्हणून त्यांनी हातातलं पान अर्धवट सोडलं नाही.

आधार कार्ड, बारकोड, लस

'श्वापदाची खूण' हा प्रश्न हमखास येतो. प्रकटीकरण १३ म्हणतं की उजव्या हातावर किंवा कपाळावर खूण असल्याशिवाय कोणाला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, आणि तिची संख्या ६६६. मिझोराममध्ये काही ख्रिस्ती लोकांनी याच कारणाने आधार कार्ड काढायला नकार दिला होता. आपल्याकडे बारकोड, मग लस, आता अंगठा लावून मिळणारं रेशन.

इथेही पुढे वाचा. तेराव्या अध्यायाचं शेवटचं वचन ६६६चं आणि लगेच चौदाव्याचं पहिलं: कोकऱ्याबरोबर, म्हणजे ख्रिस्ताबरोबर, उभ्या असलेल्या १,४४,०००च्या कपाळावर कोकऱ्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव. सातव्या अध्यायातही देवाच्या दासांच्या कपाळावर शिक्का आहे. तो शिक्का कोणी यंत्राने मारलेला समजत नाही, मग दुसरी खूण तेवढी यंत्राची कशी? अनुवाद ६:८ मध्ये देवाची वचनं हाताला आणि कपाळाला बांधायला सांगितली आहेत. योहानाच्या यहूदी वाचकाला हात आणि कपाळ म्हटलं की ते आठवलं असणार. म्हणजे प्रश्न असा की तुझे हात कोणाचं काम करतात आणि तुझ्या डोक्यात कोण आहे. चौदाव्याच्या नवव्या वचनात श्वापदाला नमन करणारा आणि खूण घेणारा एकाच दमात येतो. रांगेत उभं राहून नकळत लागावी अशी ती खूण नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लावताना तुम्ही कोणाला नमन करत नसता, तांदूळ घेत असता.

हिब्रूत प्रत्येक अक्षराला एक आकडा असतो, आणि ६६६ची बेरीज 'नीरोन कैसर', म्हणजे रोमी सम्राट नीरो, या नावाशी जमते, हे बऱ्याच अभ्यासकांचं मत. काही जुन्या हस्तलिखितांत ही संख्या ६१६ आहे, तीही त्याच नावाच्या दुसऱ्या लेखनाशी जुळते. हे मला पटतं. तुमच्या पाळकसाहेबांना पटलं नाही तर वाद घालू नका. पण कोणी पुढाऱ्यांच्या नावाची बेरीज करून दाखवायला लागला तर त्याला एवढंच विचारा की 'ख्रिस्तविरोधक' हा शब्द प्रकटीकरणात कुठल्या वचनात आहे. तो तिथे नाहीच. योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात आहे, आणि तिथे असे पुष्कळ झाले आहेत असं म्हटलं आहे.

मुलं

शाळेतून किंवा ट्यूशनहून आलेलं मूल घराला कुलूप बघून रडायला लागतं, कारण प्रभू येऊन आपल्या माणसांना वर उचलून नेईल हे त्याने ऐकलेलं असतं, आणि त्याला वाटतं आई-बाबा उचलले गेले आणि आपण मागे राहिलो. हे अनेक ख्रिस्ती घरांत घडतं, आणि मुलं ते सांगत नाहीत. म्हणून आधी साधा उपाय: बाहेर जाताना शेजारी किल्ली आणि निरोप ठेवा. ज्या मुलाला ही भीती आहे त्याला न सांगता कधीही बाहेर पडू नका.

मग वचन. पहिलं थेस्सलनीका ४:१३ ते १८ पूर्ण वाचा. तिथली माणसं घाबरली होती ती मेलेल्या आपल्या माणसांसाठी, की ती मागे राहतील. पौल सांगतो की ते आधी उठतील, आपण मिळून जाऊ. आणि उताऱ्याचं शेवटचं वाक्य: या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा. आपण हा उतारा कब्रस्तानात वाचतो तो त्यासाठीच. त्याच उताऱ्याने मुलं रात्री झोपेनाशी होत असतील तर वाचणाऱ्याचं चुकतं आहे. मोठ्या मुलांना मत्तय २४:३९ दाखवा. जलप्रलय आला आणि सर्वांना घेऊन गेला. नोहाच्या गोष्टीत मागे राहिले ते वाचलेले होते. मग ४१व्या वचनात जात्यावर दळणाऱ्या दोघींतली 'घेतली' गेलेली कोणती आणि 'ठेवलेली' कोणती, यावर त्यांना डोकं चालवू द्या. माझ्या शब्बाथ शाळेतली आठवी-नववीची मुलं यावर तासभर भांडतात आणि हसत घरी जातात.

लहानांना योहान १४: अंतःकरण अस्वस्थ होऊ देऊ नका, माझ्या पित्याच्या घरात जागा पुष्कळ आहे. 'तू हट्टीपणा केलास तर येशू तुला नेणार नाही' हे वाक्य घरात कोणी, आजीनेसुद्धा, उच्चारायचं नाही. इफिसकरांस ६:४ बापांना सांगतं की मुलांना चिडीला आणू नका. भिववणं त्यात येतंच.

समोरच्याशी बोलताना

यिर्मया २८ हा अध्याय मी या कामासाठी सोन्यासारखा मानते. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सगळ्यांसमोर जाहीर करतो की दोन वर्षांत बाबेलचं जोखड मोडेल, तिकडे धरून नेलेले सगळे परत येतील. तारखेसकट भविष्य. यिर्मयाला ठाऊक आहे की हे खोटं. तो पहिला शब्द काय बोलतो? आमेन. परमेश्वर तसं करो. मग सांगतो की शांतीचं भाकीत करणाऱ्याची पारख त्याचं वचन खरं ठरल्यावर होते. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जू हनन्या चिडून काढून मोडतो. यिर्मया तिथून निघून जातो, भांडत बसत नाही. पुढचं बोलणं नंतर, देवाचं वचन आल्यावर. एकोणतिसाव्या अध्यायात तो बाबेलातल्या लोकांना पत्र पाठवतो: घरं बांधा, मळे लावा, त्यांचं फळ खा, मुला-मुलींची लग्नं करा, ज्या नगरात आहात त्याचं हित चिंता. सत्तर वर्षं लागणार आहेत.

तुमच्या मेव्हण्याने जेवताना नवी तारीख सांगितली तर आधी 'आमेन, प्रभू येवो' म्हणा. मनापासून म्हणा, कारण प्रकटीकरणाचं जवळजवळ शेवटचं वाक्य तेच आहे. मग विचारा, हा अध्याय आपण सगळे मिळून वाचूया का? नाही म्हणाला तर आमटी वाढा. चिडला तर उठून पाणी आणायला जा.

तारखांचा इतिहास मात्र मुलांना सांगून ठेवा, मेव्हण्याला नव्हे. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ची वाट पाहिली; काहींनी शेतातलं पीकही काढलं नाही. हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून २१ मे २०११ सांगितली, ती गेल्यावर त्याच वर्षाची २१ ऑक्टोबर. ही माणसं सगळी लबाड नव्हती. मिलर तर साधा, प्रामाणिक शेतकरी होता, दानीएलच्या ८व्या अध्यायातल्या २,३०० दिवसांचा हिशेब मांडून बसलेला. प्रामाणिक माणूसही चुकीची बेरीज करू शकतो, एवढं मुलांना कळलं की पुरे.

ज्या घरांत सगळे ख्रिस्ती नाहीत तिथे जास्त जपा. आमच्या नगरच्या सोयरिकीत बौद्ध आहेत, हिंदू आहेत, एकाच आजीची तीन धर्मांतली नातवंडं आहेत. लग्नाच्या पंगतीत अग्नीच्या सरोवराचा विषय काढणाऱ्या भाच्याला मी पहिलं करिंथ ७:१२ ते १४ वाचायला दिलं: विश्वास न ठेवणारी बायको नांदायला राजी असेल तर तिला सोडू नये. सुनेला 'तू मागे राहशील' म्हणणाऱ्या सासूसाठी पहिलं पेत्र ३:१ आहे, वचनावाचून, नुसत्या वागण्याने मिळवून घेण्याबद्दलचं. ते बायकांना उद्देशून लिहिलं आहे, पण सासवाही बायकाच.

तारीख उलटून गेल्यावर

ज्याने तारीख धरली होती त्याच्यासाठी तो दिवस उलटल्यानंतरचा आठवडा फार वाईट असतो. काही जण लगेच नवी तारीख शोधतात, काही मंडळीतच यायचे बंद होतात. अनुवाद १८:२२ म्हणतं की ज्याचं भाकीत घडलं नाही त्या संदेष्ट्याला भिऊ नका. हे वचन संदेष्ट्यासाठी आहे, त्याच्या नादी लागलेल्या तुमच्या माणसाच्या तोंडावर मारायला नाही. त्याला विचारू नका की आता काय म्हणणं आहे. कोणी हसत असेल तर गप्प करा.

त्याऐवजी त्याच्याबरोबर बसून कागद काढा. बंद झालेला पीएफ पुन्हा सुरू होतो का, मोडलेल्या पॉलिसीचं काय करता येईल, राजीनामा दिला असेल तर मालकाला कोण भेटेल, मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख कधी आहे. कर्ज झालं असेल तर कोणाचं आधी फेडायचं. रविवारी त्याला उपदेश ऐकायला बोलावण्यापेक्षा काम द्या: खुर्च्या लावायच्या, प्रभुभोजनाची भांडी धुवायची, नाताळच्या करंज्यांचा हिशेब ठेवायचा. आणि रात्रीच्या बैठकीत त्याची पाळी आली की वाचन त्यालाच करू द्या, जिथे थांबलो होतो तिथूनच.